पाटाच्या वरची वस्ती

बाई, तुम्ही गेल्याला किती वर्षं झाली. आज ऑफिसात कुणीतरी विचारलं, नकाशे काढायला कुठं शिकलात? मी झटकन सांगितलं, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर. सगळे हसले. मला मात्र गेरूनं माखलेले तुमचे हात आठवले.

नव्वदीतली गोष्ट. मी चौथीत होते. सव्वीस जानेवारीला भिंतीवर गावाचा नकाशा हवा, असं तुम्ही ठरवलंत. आम्ही पोरांनी खालून सुरुवात केली: नीरा नदी, मग ऊस, तालीम, देऊळ, अंथुर्ण्याचा रस्ता. देऊळ एवढं ऐसपैस काढलं, की कालव्याच्या पाटापाशी येईतो भिंतच संपली. पाटाच्या वर, माळावर, आम्हा मेंढरंवाल्यांची वस्ती. तिला जागाच उरली नाही. मी रडू दाबत उभी होते, तेवढ्यात सरपंच आबा आले. "ब्येस झालंय की बाई! गाव हितंच तर संपतंय. वर हाय काय? कुसळं आन् मेंढरं."

तुम्ही पदर खोचलात. "आबा, युरिया यायच्या आधी तुमच्या रानात खत कुठलं पडायचं?"

आबांनी टोपी मागं सरकवली. "ह्यांचीच मेंढरं बसवायचो की रानात. रातभर बसली की जवारी कशी माजायची!" मग स्वतःच हसले. "काढा बाई, त्यांची बी घरं काढा."

तुम्ही चुन्याची बादली मागवलीत आणि अख्खा नकाशा पुसलात, देवळासकट! दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती. नव्या नकाशात देऊळ लहान झालं, पाट खाली सरकला, आणि आमच्या घराचा ठिपका तुम्ही मला द्यायला लावलात. झेंडावंदनाला माझे वडील पहिल्यांदाच शाळेच्या आवारात आले. भिंतीपाशी जाऊन म्हणाले, "कुठं हाय आपलं?" मी बोट ठेवलं. "हाय की!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की सगळे वळून बघायला लागले. त्या दिवशी ते ताठ मानेनं घरी चालले होते आणि मी त्यांच्या पुढं. तुमचा फार अभिमान वाटला, बाई, आणि आमचाही.

आता मी दुसऱ्यांच्या गावांचे नकाशे काढते, अगदी काटेकोर. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून कबूल करते: आपल्या गावाचा काढायला घेतला, की आजही मी आधी माळावरची वस्ती मांडते, आणि मग उरलेल्या जागेत गाव बसवते.