आवाजासकट डीव्हीडी

३ मार्च, सकाळी
ही बेबीच्या बाळंतपणाला गेली त्याला महिना होऊन गेला. माझी अजिबात गैरसोय नाही. उलट घर कसं निवांत.
जावयांनी बाळाचे व्हिडिओ पाठवलेत. लॅपटॉपचा स्पीकर बंद पडलाय, त्यामुळे सगळा मूकपट. ठरवलं: डीव्हीडी करायची आणि टीव्हीवर ऐटीत बघायची. दुपारपर्यंत काम फत्ते.

३ मार्च, संध्याकाळी
फाइली डिस्कवर कॉपी केल्या. प्लेअर डिस्क ओळखायलाच तयार नाही. प्लेअरचं वय झालंय. माझी चूक नाही.

५ मार्च
जावयांना फोन. म्हणाले, नुसती कॉपी करून चालत नाही, आधी कन्व्हर्ट, मग बर्न. म्हटलं, मला माहीत होतं, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो. मग त्यांना व्हिडिओ कॅसेटपासूनचा सगळा इतिहास सांगायला घेतला. तेवढ्यात त्यांची मीटिंग निघाली. रविवारीसुद्धा! कंपन्या हल्ली फार पिळून घेतात.

८ मार्च
फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं. फुकट असल्यामुळे बाळाच्या कपाळावर कायम 'ट्रायल' असं लिहून येतं. शिवाय सगळी माणसं आडवी ताणली गेलीत. हीसुद्धा चांगलीच रुंद दिसते. पण ती तब्येतही असेल. तिकडे जेवणखाण वेळेवर असणार.
आवाज नाही.
निश्चय: उद्यापासून आपणही रीतसर स्वयंपाक करायचा. आज बिस्किटं.

१२ मार्च
शेजारच्या इंजिनिअरना जिन्यात गाठलं. म्हणाले, डीव्हीडी कशाला, पेनड्राइव्ह लावा. आमच्या टीव्हीला ती सोय नाही. जुने टीव्हीच कसे चांगले, हे त्यांना पहिल्यापासून समजावलं. मध्येच त्यांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. मागच्या वेळीही दूधच होतं. विसरभोळा माणूस.
रुंदीचं जमलं. सगळे सडपातळ झाले. आवाज नाहीच.

१५ मार्च
हिचा फोन. परत कधी येणार, असं मी विचारलं नाही, सहज विषय काढला. म्हणाली, "बघू. बाळ जरा मोठं होऊ दे." म्हटलं, काही घाई नाही, मी कामात आहे. मग ऑडिओचे फॉरमॅट किती प्रकारचे असतात ते तिला सांगितलं. फार लक्ष देऊन ऐकत होती, मध्ये एक शब्द बोलली नाही. नंतर पाहिलं तर फोन केव्हाच कट झालेला. नेटवर्कचं काही खरं नाही.

१९ मार्च
जमलं! ऑडिओच्या चौकटीत टिक करायची राहिली होती. इतकंच. सॉफ्टवेअरवाल्यांनी ती नीट दिसेल अशी ठेवायला नको?
इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसलो. बाळ खणखणीत रडलं. वा!
मग हिचा आवाज. कॅमेरा बाळावर, ही कुठेतरी बाजूला. बेबी विचारत होती, "आई, बाबांना एकट्यांना करमत असेल का गं?"
ही म्हणाली, "त्यांना काय! ते बोलत बसतील. समोर कुणी असलं काय, नसलं काय. मला मात्र इथे बाई फार शांत वाटतं."
आणि दोघी हसल्या.
रेकॉर्डिंगमध्ये दोष असेल म्हणून पुन्हा लावून बघितलं. दोष नाही.

१९ मार्च, संध्याकाळी
हिचा फोन आला. म्हटलं, तू सांग. सुरुवातीला तिला काही सुचेना. मग बाळाच्या दुपट्यांचं, बेबीच्या जागरणांचं, स्वतःच्या गुडघ्याचं सांगत गेली. गुडघ्याचं मला माहीतच नव्हतं. मध्येच थांबली.
"ऐकताय ना?"
"हो."
"बोलत नाही आहात म्हणून विचारलं. तुमच्या डीव्हीडीचं काय झालं?"
म्हटलं, "चित्र छान आलंय. आवाज काही आला नाही."