दाजींना सांगायचं राहिलं

डिंडोली, सुरत
रविवार, ५ ऑक्टोबर १९९७

ती. सौ. जयश्रीताईस,
धाकट्या चेतनचा नमस्कार. आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. दाजींचा खोकला गेला. खोलीवर पाणी आता सकाळीच येतं, त्यामुळे भांडणं कमी झाली. तुमचा मका काढून झाला का? सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?

पत्र आमच्या मिलमधल्या उखाच्या हाती देतोय. तो संध्याकाळच्या भुसावळ पॅसेंजरने निघतो आहे, उद्या सकाळी दोंडाईचाहून थेट तुझ्या दारात येईल. पोस्टाचा भरवसा धरला नाही, कारण सोमवारी अंगणवाडीचा राजीनामा द्यायला शिंदखेड्याला जाणार असं तू लिहिलं होतंस. जाऊ नकोस. का ते पुढे लिहितो.

समोरच्या सोसायटीत रात्रीच्या गरब्यासाठी भोंगे लावताहेत. कुणीतरी दुपारपासून ‘हॅलो, हॅलो’ करतंय आणि पुढे काहीच बोलत नाहीये. दोनदा उठून खिडकी लावली, उकडलं म्हणून पुन्हा उघडली. माझंही त्या माईकसारखंच चाललंय म्हण.

तर झालं असं. गेल्या महिन्यात शेठने आम्हा सुपरवायझर लोकांना रिंगरोडवरच्या एका हॉटेलात शिकायला पाठवलं. विषय काय, तर धंद्यात माणसाने माणसाशी कसं बोलावं. तू हसशील. मुंबईहून टाय लावलेले एक साहेब आले होते. म्हणाले, मुद्द्याची गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा. समोरच्याच्या डोळ्यांत बघा. ‘बघू’, ‘बहुतेक’, ‘होईल काहीतरी’ हे शब्द विसरा, त्यांनी माणूस खोट्या आशेवर राहतो. मला ते फार पटलं. आपल्या घरात कधी कोणी एक गोष्ट सरळ सांगितली आहे? मी तर येताना बसमध्येच मनातल्या मनात सराव करत होतो.

सराव कामाला यायला वेळ लागला नाही. आमच्या पलसाण्याच्या मिलमध्ये कापडाच्या घड्या घालणारं मशीन आलं. आता टेबलावर हाताने कापडाचे ताके घडी करणारी माणसं दिवाळीनंतर नकोत. शेठ म्हणाले, चेतनभाई, सगळे तुमच्या खानदेशचे, तुम्हीच तुमच्या भाषेत समजावा.

शुक्रवारी पाळी बदलताना फोल्डिंग खात्यातल्या सगळ्यांना टेबलांपाशी उभं केलं आणि अहिराणीत सांगितलं. पहिल्याच वाक्यात. दिवाळीनंतर हाताची घडी बंद, टेबलावरच्या माणसांना काम नाही, दुसरीकडे आत्तापासून बघा. एकेकाच्या डोळ्यांत बघून बोललो. कोणी ओरडलं नाही. उखाने फक्त विचारलं की दिवाळीपर्यंत नक्की ना, मी नक्की म्हटलं. सगळ्यांना नीट कळलं. शेठने पाठ थोपटली आणि ताई, मला ते आवडलं, खोटं कशाला लिहू.

घरी येताना दाजी माझ्या सायकलीला सायकल लावून चालले होते. ते म्हणाले, “भाऊ, बराबर बोलना तू. उखानं वाईट वाटस. आपलं बरं, घरना माणूस हापिसमा शे.”

घरचा माणूस म्हणजे मी. दाजींना कळलंच नव्हतं. दाजी तिथेच होते. तिसऱ्या टेबलावर, मागच्या बाजूला. माझा शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता. पण आपल्याकडे जावयाला काही सांगायचं तर असं चारचौघांत सांगतात का? त्याला बाजूला बसवतात, चहा देतात, मोठं माणूस हळूच विषय काढतं. मेव्हणा बाजूला घेऊन काही बोलला नाही, म्हणजे ते आपल्यासाठी नव्हतं, असं त्यांनी धरलं. आणि मी रस्ताभर ‘हं, हं’ करत राहिलो. काल त्यांनी पुढच्या गल्लीतली खोलीही बघून ठेवली. तू आणि पोरं दिवाळीनंतर येणार म्हणून मला दाखवायलाही नेलं. मोरी आत आहे, जयश्रीला आवडेल, म्हणाले.

शेठशी बोललो नाही असं समजू नकोस. शेठ म्हणाले, “एकने राखुं तो बधाने राखवा पडे.” म्हणजे मग सगळ्यांनाच ठेवावं लागेल. दाजींना ठेवलं तर बाकीच्यांना काय तोंड दाखवणार, हे मलाही कळतं.

ताई, दाजींचं काम गेलं. दिवाळीपर्यंतच आहे. तू राजीनामा देऊ नकोस. तुझ्या अंगणवाडीशिवाय घरात आता काही राहणार नाही.

मला हे पत्र खरं म्हणजे यासाठी लिहायचं होतं, की दाजींना तूच सांगावंस. तेवढंच लिहायचं बाकी होतं. इतक्यात दाजी भाकरी थापता थापता म्हणाले, “कितलं लिखस रे? मन्हा बी राम राम लिख.” मी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. डोळ्यांत बघणं जमलं नाही, परातीकडे बघून सांगितलं.

दाजींनी तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात ठेवली. मग म्हणाले, “म्हंजे त्या दिन तू माले बी सांगं?”

ताई, मला फार लाज वाटली. आत्ताही वाटते आहे. खात्यातल्या सगळ्या माणसांना मी माणसासारखं सांगितलं आणि घरच्या माणसाला टेबलासारखं तिथे उभं ठेवलं.

पुढची भाकरी थापून ते म्हणाले, “जयश्रीले मी सांगसू. तू फक्त राजीनामा देवू नको इतलंच लिख.” मी हो म्हटलं. पण तेवढीच ओळ उखाच्या हाती आली असती तर तू काय समजली असतीस? आपल्याकडे अर्धा निरोप आला की लोक रडतच निघतात. म्हणून लिहिलेलं फाडलं नाही. दाजींना वाटतंय, पाकिटात एक ओळ आहे.

आता मी सांगतो तसं कर. राजीनामा द्यायला का गेली नाहीस असं कोणी विचारलं तर पोरं आजारी आहेत म्हण. दाजी तुला सांगायला रजा घेऊन बुधवारी येतील. पाणी मागतील, म्हशीची चौकशी करतील, पोरांना मांडीवर घेतील, जेवतील. मग काहीतरी बोलायला घेऊन अर्ध्यावर सोडतील. तू वाक्य पुरं करू नकोस. कितीही वेळ लागू दे. आणि ते सांगतील तेव्हा पहिल्यांदाच ऐकते आहेस असं ऐक. इथे त्यांना सगळ्यांच्या शेवटी कळलं. तुझ्यापुढे तरी त्यांच्याआधी कोणी बोललेलं नको.

उखाने दाराशी वळकटी आणून ठेवली आहे. पत्र वाचून चुलीत घाल.

हे पत्र तुला कधीच न लिहिलेला,
तुझा भाऊ चेतन