मागच्या भिंतीची जागा

फर्निचरच्या दालनाच्या दारावर माझ्या नावाची पाटी कुणाला विचारून लावली? वर माझा फोटो, खाली "मुक्ताबाईंच्या कल्पनेतून साकार". जिवंत बाईचा फोटो टांगायची घाई माझ्या मुलाला झाली असेल, पण खिळा ठोकण्याआधी मला विचारायचं होतं. ती पाटी दिसली की मला तोंड लपवावंसं वाटतं. का, ते कलम चारमध्ये लिहिलं आहे.

आता रीतीप्रमाणे. मी, मुक्ताबाई रंगनाथ क्षीरसागर, वय एक्क्याऐंशी, शाळा दुसरीपर्यंत, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा अजून जन्मायचाय. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासताना आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हेही सांगितलं. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. राहतं घर मुलगा काकासाहेब आणि सून मोनिका यांना निम्मं निम्मं. भांडण झालं तर तिला ओट्यावर बसून राहावं लागू नये. मी बसले आहे.

कलम २. पोस्टात आणि बँकेत जे असेल ते नात संस्कृती हिच्या शिक्षणाला. लग्नाला नाही. लग्नात उडवलं तर मी पंगतीत येऊन बसेन.

कलम ३. विजेवरची यंत्रं काकासाहेबाची. माझ्या मालकांचे रंधे आणि पटाशा मात्र कानिफनाथ गव्हाणे याला. हा आमच्या नात्यातला नाही, सुताराचाही नाही, शेतकऱ्याचा मुलगा. मालकांच्या हाताखाली नऊ वर्षं शिकला. मालक म्हणायचे, "काकाच्या हाताला घाई हाय. कानिफच्या हाताला न्हाई." खरं होतं, म्हणूनच मला ते लई लागलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

कलम ४. नगर-सोलापूर रस्त्यालगतची माझ्या नावाची जागा आणि तिच्यावरचं साठ बाय तीसचं शेड, म्हणजे दालन. सात वर्षांपूर्वी पाच फर्निचरवाल्यांनी ठरवलं, की प्रत्येकाने आपापल्या पडवीत माल दडवून बसण्यापेक्षा एका ठिकाणी मांडावा. जागा माझी, म्हणून कोण कुठे बसणार ते मी ठरवायचं. मोकळ्या जमिनीवर मी फक्कीने रेघा ओढल्या. दार एकच, रस्त्याकडे. गिऱ्हाईक मला माहीत आहे. पहिल्या पलंगावर ते बसतं, दुसरा दाबून बघतं, तिसऱ्यापाशी भाव विचारतं. मागच्या भिंतीपर्यंत फक्त संडास शोधणारा जातो.

दाराजवळचा खण मी काकासाहेबाला दिला. कानिफनाथला मागची भिंत, पॉलिशच्या खोलीशेजारी. वर कारण सांगितलं, "तुझं काम बारीक. पुढं दुपारचं ऊन येतं, पॉलिशला भेगा पडतील. तू सावलीत राहा." चाळीस वर्षं पॉलिशचा हात मारलेली बाई. माझं कोण खोटं म्हणणार? तो पाया पडला. म्हणाला, "आजी, तुमी हाय म्हणून. मला हे सुचलंच नस्तं."

त्याच्या आठ दिवस आधी मी आणि काकासाहेबाने दारापुढे बारा फुटांची पडवी आणि दुपारी सोडायची हिरवी जाळी ठरवून टाकली होती. पत्र्याचं मापही देऊन आलो होतो. ऊन येणार नव्हतं. मला ठाऊक होतं, काकासाहेबालाही.

पडवी उभी राहिल्यावर कानिफनाथ आला. काकासाहेब तिथेच फळीला रंधा मारत होता.

"आजी, आता ऊन तर येत न्हाई. मी पुढं सरकू का? निम्मा खण दिला तरी चालंल."

"जागा एकदा ठरली की ठरली. रोज रोज काय पंगत उठवायची?"

खुर्च्या करणारा आप्पासाहेब लगेच म्हणाला, "कानिफ, तू मागंच बस लेका. देव गाभाऱ्यातच असतो." सगळे हसले. मीही हसले. काकासाहेबाने रंधा थांबवला नाही.

तीन वर्षं तो मागे बसला. त्याच्या सागवानी झोपाळ्याला एकाही सांध्यात खिळा नव्हता. त्या झोपाळ्यावर आमची माणसं जेवणाचे डबे ठेवायची. मग एक दिवस तो टेम्पो घेऊन माल न्यायला आला. मी दारात उभी होते. म्हणाला, "आजी, माझ्याच कामात कायतरी कमी असंल."

मी म्हणाले, "असंल."

आयुष्यात मी पुष्कळांना पुष्कळ बोलले. त्यातलं काही परत घ्यावंसं वाटत नाही. हा एक शब्द मात्र घशाखाली उतरत नाही. कानिफनाथ आता सुप्याच्या एमआयडीसीत तयार कपाटांना बिजागऱ्या बसवतो. दिवाळीला फराळ घेऊन येतो. एकदा सगळं सांगायचं म्हणून मी त्याला फोन लावला. "बोला आजी," म्हणाला. मी तिकडं पाऊस कसा आहे विचारलं आणि फोन ठेवला. माझं तोंड तिखट आहे, पण ते दुसऱ्यांपुरतं.

म्हणून ही जागा आणि शेड पाचही जणांना सारख्या हिश्शाने, कानिफनाथ धरून. काकासाहेबाने सगळं आपलं समजून स्वतःचं नाव रंगवायला रंगाचा डबा आणून ठेवला आहे. तो परत करावा. मागची भिंत फोडून बाजारगल्लीकडे दुसरं दार काढायचं, पहिल्याएवढंच रुंद. मधले आडोसे काढायचे. वाट अशी ठेवायची की एका दाराने शिरलेला माणूस पाचही जणांचं काम बघितल्याशिवाय दुसऱ्या दाराने सुटणार नाही. दर दसऱ्याला हत्यारं पुजली की प्रत्येकाने एक खण पुढे सरकायचं. पहिल्या वर्षी रस्त्याच्या दाराशी कानिफनाथ. तो आला नाही तर तो खण रिकामा राहील. तिथे कुणी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या तर त्याचा हिस्सा बाकीच्यांनी वाटून घ्यावा. माझी पाटी उतरवायची. फळी चांगली आहे, पॉलिशचे डबे ठेवायला लावा.

कलम ५. धाकट्या जावेला काही नाही. माझी पितळी परात तिने नेली ती तिलाच राहू दे. नेली होती एवढं इथे लिहून ठेवते.

कलम ६. हे मृत्युपत्र तेराव्याला, जेवणाआधी, दालनातच वाचायचं. जेवल्यावर कुणी थांबत नाही. वाचणार शामकांत गुरुजी. कानिफनाथला फोनवर निरोप देऊन भागणार नाही. सुप्याला जाऊन घेऊन यायचं. ऐकून झाल्यावर तो विचारील, "तुमी असं का केलं?" तेव्हा मी नसेन, त्याला मला विचारता येणार नाही. ही पळवाट मी मुद्दाम धरली आहे, आणि तिचीही मला लाज वाटते. दुसऱ्या कुणाला ती मिळू नये. मोनिकाने "यांना बरं नाही" म्हणून मध्ये पडायचं नाही. गुरुजींनी समजूत घालायची नाही. "आईने ठरवलं होतं" हे उत्तर धरायचं नाही. काकासाहेब, उत्तर तू द्यायचंस, उभं राहून, सगळ्यांदेखत. तोवर पानं वाढायची नाहीत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, आणि गुरुजींनी मला तो मोठ्याने वाचून दाखवला. खालील दोघांसमोर सही करते. दोघांनाही यातलं काही मिळत नाही, म्हणूनच त्यांना बोलावलं.

सही: मुक्ताबाई रंगनाथ क्षीरसागर

साक्षीदार:
१. शामकांत विष्णू देशपांडे, निवृत्त शिक्षक, मिरजगाव
२. निकिता करण बावडकर, आशा सेविका, मिरजगाव

ठिकाण: मिरजगाव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार