कुटुंबप्रमुख

अल अझीझिया, दोहा
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा,

इथूनच वाकून नमस्कार करते. आईचा गुडघा कसा आहे? तिला पायऱ्या चढू देऊ नका, आणि ती ऐकत नाही हे कारण सांगू नका.

इथली हवा बरी झाली आहे. एसी बंद करून खिडक्या उघडता येतात. पूर्णिमाला शाळेच्या रिले टीममध्ये घेतलंय. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. मी आता त्यावरून भांडत नाही.

तुमचा मेसेज मिळाला. इथल्या मराठी मंडळाला वीस वर्षं झाली, तुमचा सत्कार आहे, तुम्ही येताय. "मालू, तू पहिल्या रांगेत बसायला हवीस, लोक विचारतील." फोनवर बोलायला लागले की तुम्ही मध्येच समजूत घालता, म्हणून लिहिते आहे.

सध्या आठवीला अमेरिकेची घटना शिकवते आहे. तुमच्याइतकं रंगवून मला जमत नाही. मी लहान असताना तुम्ही झोपताना हेच सांगायचात. फिलाडेल्फियातला उन्हाळा, बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून बंद केलेल्या खिडक्या, आत घामाघूम होऊन वाद घालणारी माणसं. गुलाम माणूस पाचातले तीन भाग मोजायचा असं त्यांनी ठरवलं, हेही तुम्हीच सांगितलंत. "म्हणजे अर्ध्याहून थोडा जास्त माणूस?" असं मी विचारलं, तर म्हणालात, "तेवढी तडजोड केली नसती तर देशच उभा राहिला नसता, मालू." मला ते फार मोठं, शहाणं वाक्य वाटलं होतं.

परवा वर्गात एका बाईच्या पत्राबद्दल सांगत होते. तिचा नवरा अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या काही महिने आधी तिने त्याला लिहिलं, की नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. त्याने उत्तर पाठवलं, की मला तर हसूच येतंय. आम्ही नावाचे मालक, खरं राज्य तुमचंच.

नूरी म्हणून माझी एक विद्यार्थिनी आहे. तिने विचारलं, "मग तिने काय केलं, मिस?"

"संसार केला," मी म्हटलं. "आणि पत्रं लिहीत राहिली."

बाबा, मंडळाची घटना आपल्या इथल्या घरी लिहिली गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तुम्ही सगळे काका लोक हॉलमध्ये, आणि आई पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी. 'सभासदत्व कुटुंबप्रमुखाच्या नावे राहील' हे तुम्ही मोठ्याने वाचलंत. आई म्हणाली, "आणि आम्ही?" तुम्ही हसलात. "अहो, राज्य तुमचंच आहे, ते वेगळं कशाला लिहायचं?" सगळे हसले. आईपण हसली. माझ्या वर्गात मात्र त्या उत्तरावर कुणी हसलं नाही.

सप्टेंबरच्या सभेबद्दल आपण बोललोच नाही. तुम्ही टाळलंत, मीही टाळलं.

घटस्फोटानंतर माझा इथे राहण्याचा आयडी गंधारच्या स्पॉन्सरशिपवरून शाळेच्या नावावर आला, तसं मी मंडळाकडे माझ्या नावाने सभासदत्व मागितलं. उत्तर आलं, की कुटुंबप्रमुख तर गंधारच आहेत. तुम्हाला सहयोगी सभासद होता येईल. म्हणजे वर्गणी द्या, नाटकात कामं करा, स्वयंपाकाला या, मत देऊ नका. इंडस्ट्रियल एरियात एकट्या राहणाऱ्या कामगार मुलांसाठी तुम्ही ठेवलेली ती जागा. मी सभेत उठून दुरुस्ती मांडली: कमावता प्रत्येक प्रौढ माणूस सभासद. एवढंच.

गंधार अध्यक्षांच्या खुर्चीत होता. म्हणाला, "यल्ला, चला, ज्यांनी घटना लिहिली त्यांनाच विचारू या." त्याने तुम्हाला फोन लावून स्पीकरवर टाकला. तुमचा आवाज आला, "व्यक्ती बघून घटना बदलत नसतात. नियम तो नियम."

टाळ्या पडल्या. समोर मी आहे हे तुम्हाला माहीत नसेल, असं मला वाटलं. नंतर कळलं, की त्याने आदल्या दिवशीच तुम्हाला सगळं सांगून ठेवलं होतं.

मतदान झालं तेव्हा माझ्या बाजूने एकच हात वर गेला. जालिंदरचा. आपल्या नाटकांचे सेट उभे करतो तो. गंधार म्हणाला, "सहयोगींनी हात खाली घ्या, प्लीज." जालिंदरने घेतला नाही. हात तसाच वर धरून तो उभा राहिला, आणि ठराव एकमताने फेटाळल्याची नोंद झाली.

मला मंडळाचं दुःख नाही, बाबा. नको मला ते.

काल पूर्णिमाने विचारलं, "व्हाय इज आजोबा स्टेइंग विथ डॅड?" तेव्हा मला कळलं, की तुम्ही मदिनत खलीफाला त्याच्या व्हिलात उतरणार आहात. तुमच्या मेसेजमध्ये ते नव्हतं.

मी तिला काय सांगू? मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा माझ्या मनगटाला प्लास्टर होतं. बाथरूममध्ये पडले असं सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्हाला मात्र स्वयंपाकघरात खरं सांगितलं, की गंधारने हात पिरगळला, आणि ही पहिली वेळ नाही. तुम्ही गॅस बारीक केलात आणि म्हणालात, "दोघांनी थोडं थोडं घ्यावं लागतं, मालू. तडजोडीशिवाय काही उभं राहत नाही."

आजवर हे मी कुठे लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. आईलाही वाचून दाखवा. तिला माहीत नाही असं तुम्हाला वाटतं. तिला माहीत आहे.

सत्काराला मी येणार नाही. लोक विचारतील. तुम्ही त्यांना काय सांगाल ते मला ऐकायचं नाही.

माझ्या घरी एकच बेडरूम आहे. मी आणि पूर्णिमा हॉलमध्ये झोपू, तुम्हाला पलंग देऊ. सकाळी शाळेत जायच्या आधी मी दशम्या करून ठेवीन. पण त्याच्या घरून दोन तास भेटायला म्हणून येणार असाल, तर दार उघडणार नाही. हे रागाने लिहीत नाही. राग आता संपत आला आहे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

तुमचं विमान उतरेल तेव्हा मी बाहेर उभी असेन. गंधारही असेल, त्याची गाडी मोठी आहे. मी हात करणार नाही, हाक मारणार नाही. सामान कुणाच्या गाडीत ठेवायचं ते तुम्ही ठरवा.

मालविका