वहिनीचा रेंगाळणारा कॉम्प्युटर

मंगळवार, संध्याकाळ. डिंडोली

वहिनी नुकतीच कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढायला शिकली आहे. परवा अपडेट झाल्यापासून तो सुरू व्हायला फार वेळ लावतोय. आपणच बिघडवला, या भीतीने तिने दादाला सांगितलंच नाही. आज मला हळूच म्हणाली, "ताई, माझ्याच हातून काही झालं का हो?"

बघितलं, तर अपडेटनंतर नको ते प्रोग्रॅम आपोआप उघडत होते. ते तिलाच बंद करायला लावले. पुन्हा सुरू केला, तर झटकन उघडला. वहिनी एकदम रडायलाच लागली. एवढी घाबरली होती? आणि आम्हाला कुणाला कसं कळलं नाही?

तेवढ्यात दादा आला. "काय झालं गं?"

तिने डोळे पुसले. "काही नाही. कॉम्प्युटर अडत होता, मी नीट केला."

मीही जोरात होकारार्थी मान हलवली.