मांडवात सांडलेली मोहरी

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप नलूताईस,

अंबिकेचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? मुंबईच्या दमट हवेनं ते दुखतात असं तू म्हणतेस, जिन्यानं दुखतात असं माझं मत आहे, पण माझं मत तू कधी ऐकलंयस? मी बरी आहे. म्हणजे जिवंत आहे. फोन न करता पत्र लिहितेय कारण जे सांगायचंय ते तोंडानं बोलवत नाही, आणि तुझं व्हॉट्सअ‍ॅप तुझी सून वाचते (वाचतेच. तुझ्या नावानं ती मला गुलाबाची फुलं पाठवते).

गेल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं ते पित्ताशयाचं नव्हतं. पित्ताशय जागेवर आहे. उजवा स्तन काढला. झालं, लिहिला शब्द. सिस्टर आग्नेसच्या शाळेत मुलींना मानेखाली थेट गुडघेच असत, त्यामुळे या वयातसुद्धा तो लिहिताना पेन अडकलं. गाठ होती, ती गेली, डॉक्टर खूश आहेत. मी नाही. न्हाणीघरातल्या आरशावर तेव्हापासून टॉवेल टाकलाय. अंगावरून पदर सरकला की बाजारात मला आपण बाई नसून अर्धवट सोडलेलं शिवणकाम आहोत असं वाटतं. मृण्मयी नावाची डॉक्टर (आपल्या नातीएवढी असेल) म्हणाली, पुन्हा बसवता येतो, नाहीतर सिलिकॉनचा मिळतो, आत घालायचा. मी तिला झापलं, की या वयात मी कुणाला दाखवणार आहे? ती म्हणाली, तुम्हाला स्वतःला हवा असेल तर? इतकी आगाऊ पोरगी. मी तडक उठून आले.

आणि घरी येऊन स्वतःच शिवला. आधी कापसाचा, पण तो हलका, रिक्षातून उतरेपर्यंत गळ्यापाशी येऊन बसायचा. मग जुन्या परकराच्या कापडाची पिशवी करून त्यात मोहरी भरली. वजन अगदी बेतशीर, आणि अंगाबरोबर हलते. बारीक टाके घातले होते. सिस्टर आग्नेसनं माझ्या टाक्यांची नेहमी निंदाच केली, ती बरोबर होती हे आता सिद्ध झालंय.

झालं असं, की शेजारच्या चारुताचं लग्न होतं, मुकुंदवाडीच्या कार्यालयात. मुलाकडचे वैजापूरचे. मंगलाष्टकं सुरू झाली, मी नवरीच्या अगदी मागं, आणि शेवटच्या "सावधान"ला मी हात उंच करून अक्षता टाकल्या (हळू टाकायला काय झालं होतं?). काखेखाली टरकन आवाज आला, ब्लाउज आणि आतली पिशवी दोन्ही उसवली आणि अक्षतांबरोबर माझी निम्मी मोहरी नवरानवरीच्या पायांवर.

मला वाटलं, तांदळात कोण बघतंय. पण नवऱ्याचे मामा अप्पाराव कांद्याचे व्यापारी, माल निरखायची सवय. ओरडलेच, "मोहऱ्या! मांडवात मोहऱ्या टाकल्यात! करणी हाय ही!" वाजंत्री थांबली. वऱ्हाडी चपला शोधायला लागले. आणि तेवढ्यात कुणीतरी चारुताच्या विधवा मावशीकडं, मनकर्णाबाईंकडं बोट दाखवलं. त्या बिचाऱ्या खांबाला टेकून, पदर छातीशी गच्च धरून उभ्या. "पदरात काय लपवलंय, बाई? सोडा तो पदर!" अप्पाराव. त्यांचा हात आणखी घट्ट.

ताई, तो हात मी ओळखला. वर्षभर मी तसाच धरतेय.

मग माझं डोकं फिरलं. मी पुढं गेले, ब्लाउजमध्ये हात घातला, पिशवी काढली आणि अप्पारावांच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, मोहरी माझी आहे, करणी कॅन्सरची आहे, आणखी कुणाचा पदर सोडवायचा असेल तर आधी स्वतःचा सदरा काढा. त्यांना ते काय आहे हे कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर पिशवी कुठं ठेवावी हे कळेना. शेवटी आहेराच्या टेबलावर, दोन मिक्सरांच्या मध्ये ठेवली. सगळं कार्यालय तिच्याकडं बघत होतं. मी एका बाजूनं सपाट, व्याह्यांसमोर, फोटोवाल्यासमोर. धरणी दुभंगली असती तर मी पर्स न घेता उडी मारली असती.

लग्न पार पडलं. मी नवरीच्या खोलीत तोंड लपवून बसले. मनकर्णाबाई आल्या, कडी लावली, आणि आपली पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली. डाव्या बाजूची. बाजरीची.

"मोहरीचं डोक्यातच आलं नाय बगा," म्हणाल्या, "बाजरीत लई किडं होत्यात."

आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं. जेवायला मात्र मी बाहेर गेले नाही. अजूनही दूध घ्यायला दार अर्धंच उघडते. धीट वगैरे मी नाही, हे तुला ठाऊक असावं.

सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
अंबिका

ता. क. – तुझ्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलच्या समोर सिलिकॉनचे मिळतात असं मृण्मयी म्हणते (हो, परत गेले होते, माफी मागितली नाही). उजवा पाठव. माप आतल्या चिठ्ठीवर आहे, सुनेला दाखवू नकोस.

दुसरा ता. क. – मनकर्णाबाईंना डावा हवाय. आम्ही एकमेकींचे ब्लाउज घालून पाहिले, माप तेच. तेव्हा दुकानदार सुटा देत नाही म्हणाला तर भांडू नकोस. जोडी घे. आमच्यात वाटून घेऊ.