वरच्या वाडीला पैकीच्या पैकी

वरची वाडी, सावर्ड्याजवळ
मंगळवार

तीर्थस्वरूप काशीराम भावजी यांच्या पायांवर धाकट्या भावजयीचा, म्हणजे गुणवंतीचा, डोकं ठेवून नमस्कार. तुमचा खोकला उतरला असेल, जाऊबाईंनी गोड सोडलं असेल (त्या सोडणार नाहीत, पण विचारायची पद्धत आहे). इकडे हे बरे आहेत, म्हैस बरी आहे, माझा उजवा गुडघा बरा नाही, त्याचं पुढे लिहिते. फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुम्हाला. फोन तुमच्याकडे जाऊबाई उचलतात आणि स्पीकरवर ठेवतात, आणि गोष्ट आहे जावयांची. तुमच्याच जावयांची. घाबरू नका, अक्षया सुखात आहे. मी मात्र गेले आठ दिवस अशी हबकले आहे की काल आमटीत दोनदा मीठ घातलं. ह्यांनी ती मुकाट्याने खाल्ली, त्याचाही मला धक्काच बसला.

ओमकारराव पंचायतीत पाणी सोडायच्या कामाला लागले तेव्हा पेढे तुम्हीच वाटलेत. काम सोपं. सकाळी खालच्या वाडीतल्या आपल्या घरून चढण चढून आपल्या वाडीच्या डोक्यावरच्या टाकीशी यायचं, सातला आपला कॉक उघडायचा, आठला तो बंद करून खालच्या वाडीचा उघडायचा. म्हणजे आपल्याला तासभर पाणी. हे झालं कागदावर. नळाला येतं वीस मिनिटं, त्यातली पाच तर तो नुसता खाकरतो. उरलेलं पाणी मी घाटीच्या तळाच्या विहिरीवरून आणते. जांभ्याच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या, डोक्यावर हंडा. गुडघ्याची हकीकत इथे संपली.

तर पावसाळा सरल्यावर पंचायतीने सेवा देखरेख समिती काढली. पाणी, दिवाबत्ती, गटार, कचरा हे लोकांना कसं मिळतं ते लोकांनीच बघायचं, तीन महिने वहीत नोंद ठेवायची आणि शेवटी घरटी पाचपैकी गुण द्यायचे. आपल्या वाडीची देखरेख माझ्याकडे आली, कारण समितीत बाई हवी होती आणि बाकीच्या बायका त्या दिवशी सभेला आल्या नव्हत्या. मला वही मिळाली, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं (फोटोत मी मयताला आल्यासारखी दिसते) आणि मी रोज पहाटेचं आवरून घड्याळ बांधून वाडीत फिरू लागले.

गुण गोळा करायला गेले तेव्हा पहिला धक्का बसला. गटाराला लोकांनी एक दिला, दिव्यांना दोन, आणि देताना जी तोंडं सोडली ती लिहीत नाही. पाण्याला मात्र घरोघर पाच. सोनूबाईकाकूंनी तर काखेतली रिकामी कळशी खाली ठेवून पाच दिले. मी म्हटलं, काकू, पाणी येतं कुठे? त्या म्हणाल्या, "पानी नाय आलं तं नाय आलं. वाडीच्या जावयाला उनं कोन बोलंल?" तसे मीही पाचच दिले होते. बंद घरांचे गुण समितीने भरायचे होते, ते मी भरले. तुमच्या घराला पाच. (नळाची तोटी तुम्ही मे महिन्यात काढून कपाटात ठेवून गेलात, तरी पाच. लेकीचा बाप कमी गुण देतो म्हटलं तर अक्षयाला काय वाटेल?) अशी एकतीस घरं, पैकीच्या पैकी.

खालच्या वाडीने काय करावं? ओमकारराव त्यांच्या घरचेच, लहानपणापासून कान धरलेले. त्यांनी बेधडक एक-एक गुण ठोकला. मी मनात म्हटलं, काय ही माणसं, जराही रीत नाही.

मागच्या आठवड्यात ग्रामसभेत निकाल वाचला. वरची वाडी पहिली. टाळ्या झाल्या, मला गुलाबाचं फूल मिळालं. मी ते केसांत खोवत होते तोवर सरपंचबाई म्हणाल्या की वरची वाडी इतकी समाधानी आहे आणि खालची इतकी तहानलेली, तर वरच्या वाडीचा अर्धा तास खालच्या वाडीला द्यावा. एक तारखेपासून आपला कॉक साडेसातला बंद. मी फुलासकट मटकन खाली बसले. भावजी, आपला कॉक उघडतोच सात चाळीसला. साडेसातला बंद करायचा म्हणजे आपल्याला पाणी किती, तर उणे दहा मिनिटं. शेजारी बसलेले लोक अजून टाळ्याच वाजवत होते.

घरी येऊन वही उघडली. कॉक उशिरा का उघडतो, हे पंचायतीला दाखवून द्यावं म्हटलं. आणि भावजी, मला जो धक्का बसला तो देव कोणाला न देवो. सगळं माझ्याच अक्षरात होतं. "सहा पंचावन्न, जावई आमच्या अंगणात, चहा. सात पाच, सोनूबाईंकडे, पोहे." तिथून पुढच्या घरी चहा, त्याच्या पुढच्या घरी घावणे. टाकीच्या वाटेवर चार घरं, आणि पहिलं आपलं. जावई दारावरून कोरड्या तोंडाने जाता कामा नये, म्हणून आम्ही त्यांना रोज चाळीस मिनिटं अडवत होतो, आणि तो चहा करायला पाणी मी विहिरीवरून आणत होते. तीन महिने हे मी स्वतः लिहिलं आणि एकदाही डोक्यात उजेड पडला नाही. अशा बाईला पंचायतीने देखरेखीला ठेवलं, याचंही मला नवल वाटतं.

परवा धीर करून सकाळी दार लावून घेतलं. जावई अंगणात थांबले, काकी आजारी आहेत का म्हणून सोनूबाईंना विचारायला गेले, त्यांनी आणखी दोघींना बोलावलं, आणि माझी तब्येत बघायला निम्मी वाडी जमली. सगळ्यांना चहा करावा लागला. कॉक आठला दहा कमी असताना उघडला.

असो. पत्रासोबत तुमच्याकडे निघालेल्या स्वरूपच्या हाती कोकमं आणि सुकट पाठवते आहे. जाऊबाईंना नमस्कार, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवू नये ही विनंती.

तुमची धाकटी भावजय,
गुणवंती

ता. क. मुख्य सांगायचं राहिलंच. पाकिटात एक अर्ज आहे. पाणी वेळेवर सुटत नाही, तरी कॉक उघडण्याआधी कर्मचाऱ्याने कोणाच्याही घरी थांबू नये असा लेखी हुकूम व्हावा, असा मजकूर आहे. अठ्ठावीस तारखेच्या आत एका तरी घरमालकाची सही पडली तर अर्ध्या तासाचा निर्णय थांबतो. वाडीत एकही सही मिळाली नाही. ह्यांनी तर पेन चालत नाही म्हणून झटकून दाखवलं. सासऱ्याने जावयाविरुद्ध सही करायची, हे लिहिताना माझा हात कापतो. पण चौऱ्याऐंशी पायऱ्यांवर माझा गुडघाही कापतो. तुमचं घर तुमच्या नावावर आहे. सही करा.

ता. क. दुसरं. अर्जाचं अक्षर ओळखीचं वाटेल. ते ओमकाररावांचंच आहे. काल सोमवारी सकाळी टाकीवर जाताना ते आमच्या ओटीवर बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "काकी, माज्यानं नको म्हनवत नाय. हुकूम दाखवला तर कुनाला राग येनार नाय. सासऱ्यांची सही मागवा, कागद मी लिवतो." आणि लिहिला. दोनदा खाडाखोड झाली, तिसऱ्यांदा सुवाच्य उतरवला, मध्ये दोन वेळा चहा झाला, सव्वा तास लागला. त्या दिवशी वाडीला पाणी आलंच नाही. वहीत मी आलं असं लिहिलं.